नकाशा केवढा, हा प्रश्नच चुकीचा

ओपन वर्ल्ड, म्हणजे खेळणाऱ्याला मोठ्या जगात मनासारखं फिरू देणाऱ्या, गेमची घोषणा झाली की पहिली चर्चा नकाशाची होते. ट्रेलरमधले डोंगर, रस्ते आणि पूल जुळवून जुन्या गेमच्या नकाशावर नवा नकाशा ठेवून पाहणारे हौशी लोक आठवड्याभरात हजर होतात. मग कंपन्याही तीच भाषा बोलतात आणि समीक्षकही तेच लिहितात: आधीच्यापेक्षा इतके पट मोठा, इतके तास पुरणारा. ऑनलाइन स्टोअरमध्ये ‘ओपन वर्ल्ड’ हे लेबल लागलं की घोडेस्वारीचा, मोटारींचा, तलवारबाजीचा आणि पाण्याखाली जगण्याचा, असे सगळे गेम एकाच रांगेत बसतात आणि एकाच फूटपट्टीने मोजले जातात.

ही फूटपट्टी फेकून द्यावी, असं माझं मत आहे. वेगवेगळ्या प्रकारचे दोन ओपन वर्ल्ड गेम शेजारी ठेवायचे असतील तर आकार, तास आणि ग्राफिक्स बाजूला ठेवून एकच गोष्ट तपासावी: गेम खेळणाऱ्याला ‘नाही’ कसं म्हणतो. तो कुठे अडवतो, कशाने अडवतो, आणि अडवल्यावर दुसरी वाट शोधायला जागा ठेवतो का? जग किती मोकळं आहे ते इथेच कळतं, आणि गेमचा प्रकार कोणताही असला तरी हा प्रश्न त्याला विचारता येतो.

उदाहरणादाखल दोन गेम घेऊ: ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आणि ‘सबनॉटिका’. दोन्ही २०१८ चे. सबनॉटिका डिसेंबर २०१४ पासून अर्धवट अवस्थेत अर्ली ॲक्सेसमध्ये विकला जात होता. पूर्ण झालेली आवृत्ती २३ जानेवारी २०१८ ला आली. रेड डेड त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, पीसीवर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. एक रॉकस्टारसारख्या अवाढव्य कंपनीचा, दुसरा अननोन वर्ल्ड्स या छोट्या स्टुडिओचा. एकात १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी आणि माणसांची गर्दी. दुसऱ्यात ४५४६बी नावाचा समुद्राने व्यापलेला ग्रह आणि त्यावर कोसळलेल्या ‘ऑरोरा’ यानातून वाचलेला एकटा जीव. पहिला कथाप्रधान ॲक्शन-ॲडव्हेंचर, दुसरा सर्व्हायव्हल, म्हणजे तगून राहण्याचा. चौरस किलोमीटर मोजायचे तर सामना सुरू होण्याआधीच संपतो. सबनॉटिकाचं जग रेड डेडच्या कोपऱ्यात मावेल.

सुरुवात सरहद्दीपासून करू, कारण गेम बनवणाऱ्याची लबाडी किंवा सचोटी तिथे सगळ्यात आधी दिसते.

रेड डेडचा नकाशा पाच काल्पनिक राज्यांचा आहे: ॲम्बरिनो, न्यू हॅनोव्हर, लेमॉइन, वेस्ट एलिझाबेथ आणि न्यू ऑस्टिन. वेस्ट एलिझाबेथमधल्या ब्लॅकवॉटर गावात टोळीचा दरोडा फसलेला आहे आणि कथा त्यानंतर सुरू होते. त्यामुळे गेमचा नायक आर्थर मॉर्गनने तिकडे घोडा वळवला की कायद्याची माणसं झुंडीने मागे लागतात. हे पटतं. अडवण्याला कारण आहे, अडवणारे समोर दिसतात, त्यांच्याशी लढता येतं, घोडा दामटून निसटता येतं. आता तसंच पश्चिमेला न्यू ऑस्टिनच्या वाळवंटात शिरून पाहा. आसपास चिटपाखरू नसतं, आणि तरी कुठून तरी गोळी येते आणि आर्थर मरतो. बंदूकवाला शोधायला जाऊ नका, तो नाहीच. मुख्य कथा संपेपर्यंत तो प्रदेश बंद ठेवायचा, एवढंच त्या गोळीचं काम. इतक्या बारकाईने रंगवलेल्या वाळवंटाच्या वेशीवर इतकं ओबडधोबड कुलूप लावलेलं पाहून आश्चर्य वाटतं.

सबनॉटिकाचं जग म्हणजे समुद्रातल्या एका प्रचंड विवराचा परिसर. कुठल्याही दिशेला पोहत राहिलं की विवराची कड येते आणि त्यापलीकडे तळ दिसेनासा होतो. हातातला पीडीए हा छोटा संगणक सांगतो की आपण जीवसृष्टी नसलेल्या पट्ट्यात शिरतोय. तरीही पुढे गेलात तर अंधारातून घोस्ट लेव्हायथन हे महाकाय जलचर येतात, एकामागून एक. ते दिसतात, ऐकू येतात, त्यांच्यापासून पळ काढून वाचता येतं. तळ नाही म्हणून तिथे खाणकाम नाही, तळ ठोकणं नाही. म्हणजे जाण्यासारखं काही नाहीच, आणि गेलात तर किंमत मोजा. दोन्ही गेम शेवटी ‘पुढे जाऊ नका’ हेच सांगतात. फरक एवढाच की एका ठिकाणी जग सांगतं आणि दुसऱ्या ठिकाणी प्रोग्रॅमर.

कडा झाल्या. आतल्या कुलपांचं काय?

सबनॉटिकात आतलं कुलूप म्हणजे पाण्याची खोली. टाकीशिवाय तुम्हाला ४५ सेकंद श्वास पुरतो. फॅब्रिकेटर या वस्तू बनवणाऱ्या यंत्रात ३ टायटॅनियम घालून साधी टाकी बनवली की ७५ सेकंद, हाय कपॅसिटी टाकीने १३५. यात परतीची वेळही धरायची असते, आणि नवखे तिथेच मरतात: निम्मा श्वास संपला की वळायचं, हे त्यांना पीडीएने ३० सेकंदांचा इशारा दिल्यावर आठवतं, तोवर ते एखाद्या गुहेत तिसऱ्या वळणावर असतात. १०० मीटरच्या खाली श्वास आणखी वेगाने संपतो. त्याला उपाय रीब्रीदर हा मुखवटा.

समजा एखाद्या यानाचा तुकडा दीडशे मीटरवर पडलाय आणि त्यात तुम्हाला हवा असलेला ब्लूप्रिंट, म्हणजे वस्तू बनवण्याचा आराखडा, आहे. तिथे पोचायला किती वाटा आहेत पाहा. मोठी टाकी आणि सीग्लाइड हे हातात धरून पोहायचं यंत्र घेऊन एका दमात जाऊन येता येतं. वर तरंगता एअर पंप सोडून खाली एकाला एक पाइप जोडत नेता येतात आणि पाइपच्या टोकाशी श्वास भरून घेता येतो. वाटेत ब्रेन कोरल हे हवा सोडणारं प्रवाळ असेल तर त्याचे बुडबुडे गाठत जाता येतं. जवळच वीजपुरवठ्यासकट एका खोलीचा तळ उभारता येतो. किंवा हे सगळं सोडून सीमॉथ ही छोटी पाणबुडी बनेपर्यंत थांबता येतं. यातली कुठलीही वाट ‘बरोबर’ म्हणून ठरवलेली नाही. पाइपांची वाट तर बहुतेकांना सुचतही नाही, आणि ज्याला सुचते तो कंटाळवाणं का होईना पण काम तडीस नेतो.

सीमॉथ मिळाली की तिची मर्यादा सुरू होते: २०० मीटर. डेप्थ मॉड्यूल बसवत गेलं की ३००, ५०० आणि शेवटी ९००. २०० च्या खाली गेलात तर गेम चाकं बांधून ठेवत नाही. सांगाडा करकरतो आणि थोड्या थोड्या वेळाने नुकसान होत राहतं. रिपेअर टूल सोबत असेल तर २१० मीटरवर झटकन डोकावून, वर येऊन, डागडुजी करून पुन्हा जाण्याचा आगाऊपणाही चालतो. पण ९०० च्या पलीकडे लाव्हाच्या पट्ट्यात सीमॉथ टिकणारच नाही, तिथे प्रॉन सूट हा यांत्रिक पोशाख किंवा सायक्लॉप्स ही मोठी पाणबुडी लागते. नुसत्या सायक्लॉप्सच्या ३ प्लास्टील इंगटांसाठीच, म्हणजे मिश्रधातूच्या विटांसाठीच, ३० टायटॅनियम आणि ६ लिथियम गोळा करावं लागतं, आणि लिथियम सुरुवातीच्या उथळ पाण्यात मिळत नाही. म्हणजे क्रम आहेच. फक्त तो ‘अमुक मिशन पूर्ण करा’ अशा फलकाने लादलेला नाही. धातू, दाब आणि हवा यांच्या गणितातून तो आपोआप ठरतो.

आता रेड डेडचं मिशन घ्या. पहिलं प्रकरण, कोल्टरच्या बर्फातलं, जवळजवळ पूर्ण बांधलेलं आहे. जग खऱ्या अर्थाने उघडतं ते दुसऱ्या प्रकरणात, हॉर्सशू ओव्हरलुकच्या तळावर. पण तिथून पुढेही मिशन सुरू झालं की मोकळं जग मागे पडतं आणि नकाशावर वाट दाखवणारी पिवळी रेघ सुरू होते. रेघेपासून फार दूर गेलात की मिशन फसलं. साथीदारापासून अंतर पडलं, मिशन फसलं. ज्या दारातून शिरायचं ते सोडून मागच्या बाजूने टेकडीवरून नेम धरावा म्हटलं, तरी तेच. जी युक्ती अर्ध्या तासापूर्वी मोकळ्या फिरण्यात शंभर टक्के चालली असती, ती मिशनमध्ये गुन्हा ठरते. फसल्यावर चेकपॉइंटवरून, म्हणजे शेवटच्या जतन झालेल्या टप्प्यावरून, पुन्हा तेच, त्याच संवादांसकट. सबनॉटिकात मेल्यावर बेत बदलावा लागतो. रेड डेडच्या मिशनमध्ये फसल्यावर आज्ञा नीट ऐकावी लागते.

यावरून रेड डेडला अडवायची अक्कल नाही असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल, आणि माझ्या मते हीच या तुलनेतली सगळ्यात मजेशीर गोष्ट आहे. याच गेममध्ये शिकार आहे. हरणावर शॉटगन चालवायला कोणीही मनाई करत नाही. कातडं फाटतं, दर्जा घसरतो, भाव पडतो, बस. उत्तम कातडं हवं तर आधी जनावर निरखून तीन तारे आहेत का पाहायचं, मग त्याच्या आकाराला साजेसं हत्यार निवडायचं. सशासाठी व्हार्मिंट रायफल, चिमण्या-खारींसाठी छोट्या शिकारीचे बाण, हरणासाठी धनुष्य किंवा रायफल आणि डोक्यात एकच नेम. मोठं कातडं घोड्यावर एका वेळी एकच लादता येतं. जनावर न सोलता तसंच नेलंत तर ते वाटेत सडायला लागतं. एकाही ठिकाणी पाटी नाही, आणि तरी दहाव्या हरणापर्यंत खेळणारा शहाणा होतो.

गुन्ह्यांचंही तसंच. भररस्त्यात कुणाला लुटलं की ते पाहणारा साक्षीदार शेरीफकडे धावत सुटतो. त्याला गाठून धमकावलं तर तो गप्प बसतो, मारलं तर दुसरा गुन्हा, सोडून दिलं तर थोड्याच वेळात माणसं येऊन जागेची पाहणी करू लागतात आणि डोक्यावर बक्षीस लागतं. ते पोस्टाच्या खिडकीवर भरता येतं किंवा त्या राज्यात जाणं टाळता येतं. आणि रस्त्याकडेला साप चावलेला माणूस! त्याचं विष ओढून काढलं किंवा औषध दिलं तर पुढे कधीतरी तो बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला दिसतो, ओळख देतो आणि तुमच्या पसंतीचं हत्यार आपल्या खर्चाने घेऊन देतो. मदत न करता पुढे गेलात तर गेम चकार शब्द काढत नाही.

म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची चांगली रीत रॉकस्टारला उत्तम येते. ती त्यांनी जगात वापरली आणि कथेत वापरली नाही. अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवं: याला कारण आहे. वीसहून अधिक माणसांची टोळी, त्यांचे आवाज, चालण्या-बोलण्याच्या हालचाली, पार्श्वसंगीत, हे सगळं ठरल्या क्षणी जुळून यायचं तर खेळणाऱ्याने ठरल्या जागी असावं लागतं. २०१८ च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये याच गेमला कथेसाठी आणि आर्थरचं काम करणाऱ्या रॉजर क्लार्कला अभिनयासाठी पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. बांधलेल्या मिशनशिवाय ही कथा अशी सांगता आली असती का, असा प्रश्न रेड डेडचे चाहते विचारतात, आणि तो रास्त आहे.

पण अर्धाच रास्त. कथा सांगायची म्हणजे खेळणाऱ्याची मानगूट धरायलाच हवी, हे सबनॉटिका खोटं ठरवतो. तिथेही कथा आहे. रेडिओवर संदेश येतात, यानातून सुटलेल्या इतर लाइफपॉडची, म्हणजे बचाव-कुप्यांची, ठिकाणं कळतात, बुडालेल्या जुन्या तळांवर ध्वनिमुद्रणं सापडतात. एका टप्प्यावर सुटकेसाठी येणाऱ्या ‘सनबीम’ जहाजाचा संदेश येतो आणि ४० मिनिटांची उलटी गणती सुरू होते. तुम्ही ठरल्या ठिकाणी जा किंवा मासे पकडत बसा, वेळ झाली की व्हायचं ते होतं. कुणी ‘मिशन फसलं’ म्हणत नाही. प्रसंग चुकला तर तो तुमचा चुकला. मोठ्या कंपन्या नेमकं याला घाबरतात: इतका पैसा ओतून केलेला प्रसंग कुणी पाहिलाच नाही तर?

सबनॉटिकाच्या बाजूने एवढं बोलल्यावर त्याची सोयीस्कर पळवाटही दाखवली पाहिजे. त्या ग्रहावर माणसं नाहीत. माशाला संवाद लागत नाही, लेव्हायथनला तुमच्या कालच्या वागणुकीचा राग ठेवावा लागत नाही. निर्मनुष्य समुद्र मोकळा ठेवणं सोपं. गजबजलेलं शहर मोकळं ठेवणं महाकठीण. गेमचा प्रकार कुठली अडचण मुळातच टाळतो, हे तुलनेत धरलं नाही तर निकाल फुकटचा.

शिवाय मोकळेपणाची किंमत खेळणाराच भरतो. सबनॉटिकात नकाशा नाही. एक तांबं आणि एक टायटॅनियम घालून बीकन, म्हणजे जागेची खूण दाखवणारा दिवा, बनवायचा, त्याला नाव द्यायचं आणि महत्त्वाच्या जागी सोडायचा, हाच तुमचा नकाशा. ज्याने ही सवय लावून घेतली नाही तो गुहेचं तोंड पुन्हा शोधण्यात संध्याकाळ घालवतो. एखाद्या वाहनाचे तुकडे स्कॅन करायचे राहून गेले तर पुढे कुठे अडलोय हेच कळत नाही, कारण कुणी सांगणारा नाही. खोल पाण्यातल्या तळाला हौसेने चार काचेच्या खिडक्या लावल्या की भिंतींची ताकद शून्याखाली जाते आणि खोल्यांत पाणी शिरतं. आधी फाउंडेशन आणि रीइन्फोर्समेंट लावून मग खिडक्या लावाव्यात, हे बहुतेकजण पाणी उपसताना शिकतात. शेवटच्या टप्प्यात तर लॉकरमधून लॉकरमध्ये सामान हलवण्याची हमाली आहे. आणि ऑटोसेव्ह नाही. मेनूत जाऊन स्वतः सेव्ह केलं नाही आणि गेम बंद पडला तर गोळा केलेलं सगळं पाण्यात. या शेवटच्या गोष्टीला मी मोकळेपणा म्हणणार नाही, तो निव्वळ निष्काळजीपणा आहे.

तर मग निकाल काय? मोकळेपणाच्या कसोटीवर सबनॉटिका वरचढ आहे, आणि स्पष्टपणे. रेड डेडचं जग अधिक भरलेलं, अधिक जिवंत आणि कितीतरी पट श्रमाचं आहे, पण त्याच्या मध्यभागी जे मुख्य काम आहे, म्हणजे मिशन, तिथे ते मोकळं नाही. ‘ओपन वर्ल्ड’ हा शब्द त्याच्या डब्यावर शोभतो तो मिशनांच्या मधल्या वेळेपुरता. दोघांना दहापैकी गुण देऊन एका यादीत बसवणाऱ्या समीक्षेत यातलं काहीही दिसत नाही, आणि खेळणाऱ्याला विकत घेण्याआधी नेमकं हेच कळायला हवं. ज्याला उत्तम लिहिलेल्या माणसांच्या सोबतीने एक मोठी शोकांतिका जगायची आहे, त्याला सबनॉटिका थंड आणि एकाकी वाटेल. ज्याला स्वतःच्या डोक्याने वाट काढायची आहे, त्याचा रेड डेडच्या पिवळ्या रेघेवर दम कोंडेल. लेबल दोघांवर तेच.

चौरस किलोमीटरचा हव्यास निरुपद्रवी असता तर त्यावर इतकं लिहिण्याची गरज नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये, रेड डेड बाजारात यायच्या तोंडावर, रॉकस्टारचे सहसंस्थापक डॅन हाउझर यांनी एका मुलाखतीत आठवड्याला शंभर तास काम केल्याचा उल्लेख केला. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की ते फक्त वरिष्ठ लेखकांच्या चौघांच्या गटाबद्दल आणि तीन आठवड्यांपुरतं होतं. त्यानंतर कंपनीतल्या इतरांनीही जादा कामाबद्दल माध्यमांशी बोलायला सुरुवात केली. एवढ्या आकाराचं जग हाताने भरायचं तर प्रत्येक टेकडीवर कुणीतरी बसून झाडं, जनावरं, पायवाटा आणि प्रसंग ठेवावे लागतात. सबनॉटिकाचा समुद्रही हाताने रचलेला आहे, प्रत्येकाला तोच मिळतो. तो छोटा आहे म्हणूनच छोट्या स्टुडिओला पेलला. आपण ‘किती मोठा?’ विचारत राहिलो की कंपन्या मोठा बनवतात, आणि त्या मोठेपणात खेळणाऱ्याला जायला बंदी असलेलं एक अख्खं वाळवंटही येतं.

समीक्षकांनी निदान चार प्रयोग करावेत आणि त्यांचे निष्कर्ष गुणांच्या आधी छापावेत. मिनीमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, बंद करून दोन तास खेळावं. रेड डेडमध्ये तो बंद करता येतो, त्याजागी नुसतं होकायंत्रही ठेवता येतं. रस्ते, नद्या, डोंगर पाहून वाट सापडते की नाही, ते लिहावं. मुद्दाम सरहद्दीवर जावं आणि तिथे काय अडवतं ते नोंदवावं. एखाद्या महत्त्वाच्या ठिकाणी पोचायच्या किती वाटा चालल्या आणि किती अडवल्या गेल्या, ते मोजावं. आणि मुख्य कथेच्या ऐन मध्यात मुद्दाम आज्ञा मोडावी. चौथ्या प्रयोगाला पाच मिनिटं पुरतात, आणि रेड डेडबद्दल जे साठ तासांनी कळतं ते त्या पाच मिनिटांत कळतं.

स्टोअरवाल्यांकडून मात्र फारशी अपेक्षा नाही. तिथलं ‘ओपन वर्ल्ड’ हे लेबल विक्रीसाठी आहे, आणि विकणारा आपल्या मालावर ‘मिशन सुरू असताना बंद’ असं कशाला लिहील?